चेहऱ्याची पत: नटनट्यांचा समाजाला खरंच उपयोग होतो का?

दातांची_डॉक्टर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण दोन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

सोलापूर जिल्ह्यात दातांची डॉक्टर आहे, २१ वर्षं झाली. महिन्यातून एकदा आसपासच्या गावात तपासणी शिबिर घेते. मागच्या शिबिरात २४ वर्षांचा एक मुलगा आला. तक्रार काय, तर तिखट सोसत नाही. म्हटलं, तोंड उघड. जरासं उघडलं. म्हटलं, अजून उघड. तर म्हणाला, "मॅडम, एवढंच उघडतंय."

आम्ही पेशंटला स्वतःचीच तीन बोटं उभी जोडून दातांमध्ये धरायला सांगतो. धडधाकट माणसाची सहज जातात. याचं दीड बोट जाईना. गालाला आतून बोट लावलं तर मऊपणा कुठेच नाही, कातडं पांढुरकं आणि ताठ, आणि सुतळी ताणून बसवावी तसे पट्टे हाताला लागले. हे सुपारीने होतं. तंबाखू नसली तरी होतं, आणि पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. एकदा ताठलेलं कातडं पहिल्यासारखं होत नाही. व्यायामाने, औषधाने, कधी ऑपरेशनने थोडं तोंड मोकळं करता येतं, एवढंच. पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून मित्रांबरोबर गाड्यावर जायचं टाळतो, हे त्याने खाली बघत सांगितलं.

खिशात पुडी होती. विचारलं तर म्हणाला, "ही साधी आहे मॅडम. टीव्हीवर एवढे मोठे हिरो घेऊन येतात. ते काय वाईट वस्तू देतील का लोकांना?"

आपल्या राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून जाहिरात होते वेलचीची. नाव तेच, रंग तोच, अक्षरं तीच. पोराच्या डोक्यात वेलची उरत नाही, हिरोचा चेहरा आणि ते नाव उरतं.

त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही नटमंडळी उद्या सगळी नाहीशी झाली तर समाजाचं काय अडणार आहे? सफाई कामगार चार दिवस आले नाहीत तर शहर सडेल. नर्सेस नसतील तर माणसं मरतील. यांच्यावाचून काय अडतं? प्रश्न रागातून आलाय, पण मनापासून विचारतेय.

---

हिशेबी (सोमवार, रात्री १०:०५)

डॉक्टर, अनुभव अस्वस्थ करणारा आहे. पण नटाला कोट्यवधी कोण देतं? आपणच. तिकीट आपण काढतो, जाहिरात बघून वस्तू आपण घेतो. बाजारात ज्याला मागणी त्याला भाव. नर्सचा पगार वाढला पाहिजे हे शंभर टक्के मान्य, पण तो नटाचे पैसे कमी करून वाढणार नाही. आणि नटाकडून समाजसेवेची अपेक्षाच चुकीची वाटते मला. त्याने काम चांगलं करावं, आपण बघावं, घरी जावं.

---

कोरडवाहू (सोमवार, रात्री ११:२०)

माण तालुक्यातला आहे, सातारा जिल्हा. दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको.

२०१६ ला आमिर खान आणि सत्यजित भटकळ यांनी पानी फाउंडेशन काढलं आणि वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, सुरू केली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातलं कोरेगाव. कोरेगावच्या वेळूने पहिला नंबर काढला. नंतर आमचा तालुका आला. आमच्या गावातून पाच माणसं प्रशिक्षणाला गेली, त्यात दोन बाया. ए-फ्रेम (उतारावर एका पातळीतल्या जागा शोधायची A आकाराची चौकट) कशी धरायची, समतल रेषा कशी आखायची, सलग समतल चर कुठे घ्यायचे, माथा ते पायथा काम का करायचं, हे सगळं ती शिकून आली आणि आम्हाला शिकवलं.

मुद्दा असा की हे ज्ञान नवं नव्हतं. हिवरे बाजार होतं, राळेगण होतं, पुरंदरला विलासराव साळुंखेंची पाणी पंचायत १९७० च्या दशकापासून होती. आमच्या गावातले एक गुरुजी हिवरे बाजार बघून आले होते आणि पंधरा वर्षं ग्रामसभेत हेच सांगत होते. आम्ही ऐकून घ्यायचो आणि चहा पिऊन उठायचो. टीव्हीवरचा माणूस म्हणाला तेव्हा गाव उठलं. आजही याची लाज वाटते, पण झालं ते असं.

४५ दिवस श्रमदान. ऊन व्हायच्या आधी पहाटे पाचला डोंगरावर. माझी आई तेव्हा ६८ ची. तिला पाटी उचलवत नव्हती, तर ती दगड वेचून चराच्या कडेला रचत बसायची. गावात दोन पार्ट्या, एका पार्टीचा माणूस दुसऱ्याच्या लग्नाला जात नव्हता. ती माणसं एका रांगेत उभी राहून पाट्या पुढे सारत होती. आमच्या गावात तो नट एकदाही आला नाही, आणि यावं असं कुणाला वाटलंही नाही. पुढचं काम आमचं होतं.

आणि खरं तेच सांगतो, लगेच चमत्कार झाला नाही. २०१८ ला पावसाने दगा दिला, चर कोरडे राहिले. लोक म्हणाले, गेली मेहनत. २०१९ च्या परतीच्या पावसात चर भरले आणि तेव्हा विहिरींना पाणी चढलं. काही ठिकाणी मशिनने नको तितकं खोल खणलं गेलं, तेही चुकलं. पण डॉक्टर, काय अडतं म्हणून विचारलंत. आमचं अडलेलं होतं, आणि ते एका चेहऱ्याने हललं.

---

हिशेबी (सोमवार, रात्री ११:३५)

कोरडवाहू, प्रतिसाद फार आवडला. गुरुजींचं वाचून गलबलून आलं. माझं वरचं "बघावं, घरी जावं" थोडं मागे घेतो.

---

सायंकाळ (मंगळवार, सकाळी ७:१५)

हिशेबींच्या बाजाराच्या मुद्द्यावर. २०२० चा जून ते ऑक्टोबर आठवून बघा. देशात कोविडने रोज माणसं जात होती, मजूर शेकडो मैल चालून नुकते घरी पोचले होते आणि आमच्या घरातला टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत एका अभिनेत्याच्या मृत्यूवर चालू होता. कोर्टाच्या आधीच निकाल लागत होते, एका मुलीचं आयुष्य चव्हाट्यावर मांडलं गेलं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मीडिया ट्रायलवर ताशेरे ओढले. पण माझे बाबा ते चार महिने तेच बघत होते. त्यांच्या शुगरच्या गोळ्या संपल्या तरी लक्षात नाही. गावात ऑक्सिजनची सोय कुठे आहे, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी सांगतच नव्हतं.

मागणी तसा पुरवठा म्हणणं सोपं आहे. मागणीसुद्धा तयार करता येते.

---

लालमार्कर (मंगळवार, दुपारी १:५०)

आरोग्य खात्यातून निवृत्त, एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होते. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाला तेव्हापासून प्रत्येक रविवारच्या बूथवर आणि नंतरच्या घरभेटींना मी होते. डाव्या हाताच्या करंगळीला मार्करची खूण, दारावर खडूने खूण. कुलूप असलेलं घर, नकार देणारं घर, सगळ्यांची यादी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे.

अमिताभ बच्चनची ती जाहिरात आली, दोन थेंबांची. ओरडून बोलायचे ते, घरातला मोठा माणूस रागावतो तसं. माझ्या भागात एक आजी सुनेला बाळ घेऊन बूथवर येऊच देत नव्हती. "थेंब घेतले की ताप येतो" हे तिचं पक्कं मत. मी तिच्या दारात किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. एका रविवारी स्वतःच नातवाला काखेत घेऊन आली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तो अमिताभ ओरडतोय सारखा."

रडू आलं होतं मला. अर्धं आनंदाचं होतं. अर्धं कशाचं होतं ते कोरडवाहूंच्या गुरुजींना कळेल.

जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा रुग्ण नाही, २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्र दिलं. व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून उन्हात फिरलेल्या लाखो बायांचं ते श्रेय आहे आणि ते मी कुणाला देणार नाही. पण दार बंद असायचं ते उघडायला त्या आवाजाची मदत झाली, हेही लपवणार नाही.

---

प्रॉम्प्टर (मंगळवार, रात्री १०:१५)

धागा चांगला चाललाय. पण इथे सगळे नटाचा चेहरा कुठे वापरला गेला तेवढंच बोलतायत. पाणी, पोलिओ, पानमसाला. नटाचं मूळ काम काय, यावर कुणी बोललेलं नाही.

मी ३० वर्षं रंगमंचामागे आहे. आमच्याकडे पगाराला "नाइट" म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात आमच्यातला लाइटवाला भाजी विकत होता. कपडेपट सांभाळणारे गावी गेले, ते परत आलेच नाहीत. कोट्यवधी घेणारे मूठभर. बाकी नट आणि आम्ही, महिन्याचं गणित जुळवणारी माणसं. "नटनट्या" म्हटलं की मूठभरच डोळ्यांसमोर येतात, तसं करू नका एवढी विनंती.

आता मूळ काम. निळूभाऊ फुले पडद्यावर एवढे खरे वाटायचे की खेड्यापाड्यातल्या बाया त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. गावातला पाटील, साखरसम्राट, गोड बोलून मान कापणारा पुढारी हे सगळे प्रत्येक गावात होतेच, पण मोठ्याने बोलायची सोय नव्हती. निळूभाऊंनी ते डोळे, ती मान, तो खालचा आवाज दाखवला आणि लोकांना ओळखायला शिकवलं. पुढे माणूस नुसता तसा हसला तरी लोक म्हणायचे, हा निळू फुले दिसतोय. लोकांना एक शब्दच मिळाला. याची किंमत कुठल्या वहीत लिहिणार?

तोच माणूस खऱ्या आयुष्यात राष्ट्र सेवा दलाचा, पुण्यात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात शेवटपर्यंत. त्यांनी आणि डॉ. श्रीराम लागूंनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या "लग्नाची बेडी"चे प्रयोग गावोगाव केले. पूर्ण वेळ चळवळीत राहणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून तो निधी. माझ्या वडिलांनी त्याचं तिकीट काढलं होतं. कारकून माणूस, नाटकावर एवढा खर्च कधी करायचा नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "नाटक आपण बघायचं, पैसे कार्यकर्त्याच्या घरी जायचे." नावातच कृतज्ञता आहे. लोकांनी आपल्याला मोठं केलं, त्यातलं काही लोकांकडे परत गेलं पाहिजे, हे त्या माणसांच्या डोक्यात स्वच्छ होतं.

याच्याही आधीचं सांगायचं तर, जुलै १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले आणि मुंबईत "मानापमान"चा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक होते ते. आणि १९०७ चं खाडिलकरांचं "कीचकवध" इंग्रजांनी १९१० मध्ये बंद पाडलं. नाटकाने काही होत नसतं तर सरकारला त्याची एवढी धास्ती का वाटावी?

---

हिशेबी (मंगळवार, रात्री १०:४०)

प्रॉम्प्टर, साष्टांग. निळूभाऊंबद्दलचं पटलं. लिहीत राहा.

---

राहुटी (बुधवार, सकाळी ११:३०)

तमाशाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. माझी आजी फडात होती, मामा अजून आहे. मी शिकले, बँकेत आहे.

प्रसिद्धी आणि पैसा इथे सगळे एकत्र धरतायत. आमच्याकडे प्रसिद्धी होती, पैसा नव्हता. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. भर तमाशात पोटात कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या २००२ ला गेल्या. शेवटची वर्षं हलाखीत गेली. टाळ्या वाजवणारे हजारो होते. दवाखान्याच्या बिलाला किती होते?

फडात आजही उचल घेतल्याशिवाय कुटुंब चालत नाही. हंगामाआधी फडमालकाकडून उचल घ्यायची आणि वर्षभर नाचून-गाऊन फेडायची. २०२० आणि २०२१ ला लागोपाठ जत्रा बंद राहिल्या, त्यात उचल फिटली नाही ती नाहीच. मामाने ढोलकी घरात उलटी टांगून ठेवली होती, नजरेला पडू नये म्हणून.

आणि डॉक्टर, समाजाला काय दिलं म्हणाल तर ऐका. गण, गवळण झाली की बतावणी लागते. त्यात सोंगाड्या त्या दिवशीची कुठलीही गोष्ट घेतो: रॉकेलचा काळाबाजार, सरपंचाचा रस्ता, हुंडा. समोर सरपंच बसलेला असतो, त्याच्याच पैशाने तमाशा आलेला असतो, आणि सोंगाड्या त्याच्याच तोंडावर बोलतो. गाव हसतं आणि सरपंचाला हसावंच लागतं. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी याच बाजावर संयुक्त महाराष्ट्र गावागावात नेला. माझी आजी निरक्षर होती, पण कुळकायदा म्हणजे काय हे तिला वगातून कळलं होतं.

---

पहाटवारा (बुधवार, रात्री १२:१०)

पहिल्यांदाच लिहितेय. थोडक्यात.

मला डिप्रेशन आहे, कॉलेजात असल्यापासून. आईला सांगायचे तर ती म्हणायची, "तुला काय कमी आहे?" वाईट नाही ती, तिला खरंच कळत नव्हतं. २०१५ ला दीपिका पदुकोणने टीव्हीवर स्वतःच्या डिप्रेशनबद्दल सांगितलं. तिची आईही होती त्या कार्यक्रमात. माझी आई बघत होती. संपल्यावर स्वयंपाकघरात गेली, भांडी घासत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, "तिला सगळं असून झालं. म्हणजे तुझंही तसंच असेल का गं?"

त्या आठवड्यात माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली.

दीपिकाचे सिनेमे चांगले की वाईट, ती किती घेते, मला नाही माहीत. त्या एका वाक्यासाठी मी तिची आयुष्यभर ऋणी आहे.

---

सायंकाळ (गुरुवार, सकाळी ६:५०)

पहाटवारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. काळजी घ्या.

बाकी मंडळी, सगळं वाचलं, पटलंही. पण एक बाजू सुटू नये. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या थिएटरबाहेर एका नटाला बघायला लोटलेल्या गर्दीत एक बाई चेंगरून मेली, तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. ३५ वर्षांची होती. घरचे सगळे मिळून सिनेमा बघायला गेले होते. नटाने लोकांना काय दिलं हे मोजताना लोकांनी नटापायी काय काय गमावलं तेही लिहायला हवं.

---

दातांची_डॉक्टर (गुरुवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस ओपीडी संपली की आधी इथेच येतेय. रागात विचारलेल्या प्रश्नाला एवढी खरी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

आता मला काय वाटतं ते सांगते. लालमार्करताईंची ती आजी, कोरडवाहूंचं गाव, पहाटवाराची आई आणि माझा तो पेशंट, चौघांनी एकच गोष्ट केली. ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला. गावात सावकारसुद्धा पत बघून पैसे देतो. नटाच्या चेहऱ्याला जी पत आहे ती त्याने एकट्याने कमावलेली नाही. प्रॉम्प्टर म्हणतात तशी ती कामातून सुरू होते, हे खरं, पण तिकिटासाठी रांगेत उभं राहून, घरात फोटो लावून, पोरांना त्यांची नावं ठेवून ती वाढवली आपण. म्हणून नट समाजाला काही देतो की नाही यापेक्षा मला आता हे जास्त महत्त्वाचं वाटतं की आपण दिलेली ही पत तो कुणाच्या दारात नेऊन ठेवतो. निळूभाऊ आणि डॉ. लागूंनी ती कार्यकर्त्यांसाठी ठेवली. वेलचीच्या जाहिरातीत उभा राहणारा ती माझ्या पेशंटच्या खिशात ठेवतो, आणि त्यात त्या पोराच्या तोंडाचं वाटोळं होतं. मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

हिशेबी, बाजाराबद्दल एवढंच म्हणेन की कायदासुद्धा आता नटाला नुसता विक्रेता मानत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि वर्षभर जाहिराती करायला मनाई होऊ शकते. आडून केलेल्या जाहिरातींवर २०२२ च्या नियमांनी बंदी घातली. अमिताभ बच्चन २०२१ मध्ये अशा एका जाहिरातीतून बाहेर पडले, २०२२ मध्ये अक्षय कुमारने लोकांची माफी मागून माघार घेतली. म्हणजे लोक बोलले की त्यांना ऐकू येतं. पण आम्ही डॉक्टर बोललो किती? मी स्वतः २१ वर्षांत एकाही चॅनेलला, एकाही नटाला पत्र लिहिलं नाही. या रविवारी लिहायला बसणार आहे.

तो मुलगा परवा पुन्हा आला. पुडी सोडून तेरा दिवस झाले म्हणतो, मी विश्वास ठेवलाय. आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिलाय. आठ पट्ट्यांवरून सुरुवात केली, आता नऊ जातात.

---

कोरडवाहू (गुरुवार, रात्री १०:२०)

डॉक्टर, आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. यंदा जत्रा कमिटीत मी आहे, सुपारी द्यायला, म्हणजे तमाशा ठरवायला, नारायणगावला जायचंय. आमच्याकडे पोरांच्या खिशात त्याच पुड्या आहेत. राहुटीताई, बतावणीत हा विषय घेता येईल का? फडाला सांगून बघू का?

---

राहुटी (गुरुवार, रात्री १०:४५)

सांगून बघू कशाला दादा, मामालाच विचारते. सोंगाड्याला पंधरा मिनिटं पुरेत. पण त्याला नीट माहिती लागेल, नाहीतर तो नुसता हशा पिकवून मोकळा होईल. ती तीन बोटांची गोष्ट डॉक्टरांनी त्याला समोर बसवून दाखवायला हवी. समोरच्या हजार माणसांना एकदम बोटं तोंडात घालायला लावली त्याने, तर कुणाची जात नाहीत ते तिथल्या तिथे कळेल.

---

दातांची_डॉक्टर (गुरुवार, रात्री १०:५२)

तारीख कळवा. मामांना आधी भेटायला येते, आणि जत्रेच्या दिवशी टॉर्च, ग्लोव्हज आणि दोघी ज्युनिअर घेऊन तंबूशेजारी टेबल टाकते. सोंगाड्याचंही तोंड तपासेन म्हणावं, सुरुवात त्यांच्यापासूनच.